हूडयुक्त केप

हूडयुक्त केप हे खांद्यांवरून खाली सोडलेले, बाह्या नसलेले व डोके झाकण्यासाठी हूड (टोपण) जोडलेले बाह्यवस्त्र आहे. महाराष्ट्रात तान्ह्या बाळाला घालण्यात येणारी कुंची साधारण याच रचनेची असते. युरोपात ऐतिहासिक वेशभूषेच्या हिवाळी कार्यक्रमांसाठी, उदाहरणार्थ यॉर्क येथे फेब्रुवारीत भरणाऱ्या योर्विक व्हायकिंग महोत्सवासाठी, हौशी लोक अशी वस्त्रे स्वतः शिवतात.

ऐतिहासिक नमुने

१९२१ साली पौल नोर्लुंड यांनी ग्रीनलंडमधील हेर्योल्फ्सनेस येथे केलेल्या उत्खननात मध्ययुगीन लोकरी कपडे व हूड सापडले. १९३६ साली स्वीडनमधील वारबेर्गजवळच्या बॉक्स्टेन दलदलीत चौदाव्या शतकातील एका पुरुषाचे अवशेष कपड्यांसह मिळाले. या दोन्ही ठिकाणचे हूड ही स्वतंत्र वस्त्रे आहेत. त्यामुळे ऐतिहासिक अचूकता महत्त्वाची असल्यास केप व हूड वेगवेगळे शिवले जातात.

कापड

दाट, मिलिंग केलेली लोकर सर्वांत योग्य समजली जाते. ती वारा अडवते, ओलसर झाली तरी ऊब टिकवते आणि कडा उसवत नाही. लोकर आटत असल्याने बेतण्यापूर्वी कापडाला वाफ दिली जाते.

बेतणी

अर्धवर्तुळाकार केपसाठी गळ्याच्या घेराला ३.१४ ने भागून आतील त्रिज्या काढतात. गळा ४२ सेंमी असल्यास ती सुमारे १३ सेंमी येते. उंची १२५ सेंमी हवी असल्यास बाहेरील त्रिज्या १३८ सेंमी होते आणि १५० सेंमी पन्ह्याचे ३ मीटर कापड पुरते. वरच्या दोन कोपऱ्यांत उरणाऱ्या, साधारण ४० सेंमी बाजूच्या तुकड्यांतून हूडचे दोन भाग निघतात. प्रति चौरस मीटर ५०० ग्रॅम वजनाच्या लोकरीची अशी केप सुमारे दीड किलो भरते. पूर्ण वर्तुळाच्या केपला कापड व वजन दोन्ही जवळपास दुप्पट लागतात.

शिवण

हूडचे दोन भाग मागून व वरून जोडून, जास्तीचा घेर मानेमागे चुण्या घालून गळ्याला बसवतात. वर्तुळाकार कापडाचा काही भाग तिरक्या धाग्यावर येतो व स्वतःच्या वजनाने लांबतो. म्हणून खालची कड दुमडण्यापूर्वी केप किमान एक दिवस टांगून ठेवतात व नंतर कड पुन्हा समतल कापतात.

केपचे वजन मागे ओढले जाऊन गळ्यावर ताण येणे हा या वस्त्रातील नेहमीचा दोष आहे. तो टाळण्यासाठी खांद्यावर चुणी घेऊन कापड खांद्याच्या आकारात बसवतात. हुक गळ्याशी न लावता छातीवर लावतात किंवा आतून दोन पट्ट्या छातीवर आडव्या नेऊन पाठीमागे बांधतात.

सुरक्षितता

लोकर सहज पेट घेत नाही. सुती कापड लवकर पेटते, तर पॉलिएस्टर फ्लीस वितळून त्वचेला चिकटते. त्यामुळे शेकोटीजवळ वापरायच्या केपसाठी ही कापडे टाळली जातात. लहान मुलांच्या केपला गळ्याशी बांधायचे बंद लावत नाहीत. केप कुठे अडकल्यास ओढ बसताच सुटेल अशी बटणे त्याऐवजी वापरतात. जिन्यावर पाय अडकू नये म्हणून कड घोट्याच्या वर ठेवली जाते.