मुलाच्या रक्तात शिसे : दवाखान्यात काय विचाराल?

मूल किरकिर करते, जेवत नाही, पोट दुखते म्हणते, की आपण म्हणतो जंत झाले. बरेचदा तसेच असते. पण ज्या घरात बॅटऱ्या फोडणे, भंगार वितळवणे असे काम चालते, तिथे शिशाचीही शंका घ्या. पुष्कळ मुलांत काहीच लक्षण दिसत नाही. मूल खेळत असते आणि आत मेंदूची वाढ अडत असते. मग शाळेत ‘ढ’ म्हणून त्याला मागे बसवतात. आपल्या लेकरांना हा शिक्का फार लवकर मारला जातो, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद झाले. घरच्या रंगात ते ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम २०१६ चा. पण जुन्या दारांचे पोपडे अजून निघतात आणि रांगते बाळ ते तोंडात घालते. सुटी हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही व्यापारी लेड क्रोमेट मिसळतात. काही सुरम्यांत शिसे असते. नागभस्म तर शिशाचेच. आणि कामाचे कपडे! बाप दमून येतो, त्याच कपड्यांनी लेकराला उचलून घेतो.

तपासणी रक्ताची. बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती होत नाही, म्हणून डॉक्टरांना घरातले काम स्पष्ट सांगा आणि मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा. बोटातल्या रक्तात आकडा जास्त आला तर शिरेतले रक्त देऊन खात्री करा. बोटावरच्या धुळीनेही आकडा वाढतो. डेसिलीटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल तर शिसे कुठून येते ते शोधून थांबवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखाली सगळे ठीक, असे मात्र नाही. ४५ किंवा वर असेल तर शिसे बाहेर काढणारे औषध रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली लागते. झटके, गुंगी, सतत उलट्या असतील तर रिपोर्टची वाट पाहू नका, लगेच न्या.

त्याहून कमी आकड्याला सहसा ते औषध देत नाहीत. तेव्हा ‘विष उतरवणारा’ काढा कुणी विकायला आला तर पैसे घालवू नका. हिमोग्लोबिन मात्र नक्की तपासा. अंगात लोह कमी असले की आतडे शिसे जास्त ओढून घेते. डॉक्टरांनी दिलेले लोहाचे औषध, नाचणी, पालेभाजी, वर लिंबू. मुलाला फार वेळ उपाशी ठेवू नका.

घर कोरडे झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. जेवणाआधी साबणाने हात. कामाचे कपडे बाहेरच बदला, वेगळे धुवा. धंदा सोडा म्हणणे सोपे. चूल त्यावरच पेटते, हे आम्ही जाणतो. निदान बॅटरी फोडणे, वितळवणे राहत्या खोलीतून आणि मुलांच्या वाटेतून हलवा.

शिसे हाडात साठते, म्हणून आकडा हळूहळू उतरतो. डॉक्टर सांगतील त्या तारखेला पुन्हा रक्त द्या. घरातल्या इतर मुलांचेही तपासा. कुणी गरोदर असेल तर तिचेही, कारण आईच्या रक्तातले शिसे पोटातल्या बाळाला पोचते.