गवताची काडी आणि सोळाशे मीटर

ऑगस्ट लागला की आमच्या केळझरची पोट्टी माझ्याकडे भाषण लिहून मागायला येतात. "बाई, दोनच मिनिटाचं द्या जी. शेवटी जय हिंद टाका." मी मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे, पण गावात एकदा बाई झालं की जन्मभर बाई. भाषणात कोण पाहिजे विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: भगतसिंग, नाहीतर शिरीषकुमार. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीत पोलिसांच्या गोळ्यांनी गेला. वय पंधरा. त्याच्याबरोबर आणखी चार मुलं गेली. त्याआधी महिनाही झाला नव्हता, १६ ऑगस्टला आमच्याच वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. पण आष्टीचं नाव मी घुसवल्याशिवाय भाषणात येत नाही. जवळचं इतिहासात शोभत नाही असं आपल्याला का वाटतं कोण जाणे.

भाषणाला या गोष्टी उत्तम. पण त्यांतलं पोर मोठं होतच नाही. ते पंधराव्या वर्षी थांबतं, आणि समोर बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला सोळाव्या वर्षी काय करायचं ते त्यातून कळत नाही. देशासाठी मरण्याची गोष्ट एका दिवसात संपते. देशात, गावात, आपल्या आळीत वाढण्याची गोष्ट लांबत जाते, तिच्यात रुसवे-फुगवे असतात, परीक्षा असतात, जात असते. रेमार्कच्या १९२९ सालच्या जर्मन कादंबरीत, 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'मध्ये, एका मास्तरांची भाषणं ऐकून अख्खा वर्ग सैन्यात दाखल होतो आणि खंदकांत संपतो. भाषणं लिहून देणाऱ्या प्रत्येक बाईनं दर ऑगस्टला ती कादंबरी आठवावी.

मोठं होण्याच्या गोष्टींमधली एक फार जुनी गोष्ट तर आमच्या गावाचीच. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, असं आम्ही मानतो. (एरंडोलचे लोकही तेच म्हणतात. म्हणोत.) इथल्या टेकडीवरचा गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांत मोजला जातो. दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना गावातला कोणीही बकासुराची कथा ऐकवतो, आणि सगळा भर भीमावर देतो. आदिपर्वात मात्र भीम उठण्याआधी एक प्रसंग येतो. पांडव ओळख लपवून ज्या ब्राह्मणाच्या घरी राहिलेले असतात, त्या घराची राक्षसाकडे गाडाभर भात आणि एक माणूस पाठवायची पाळी येते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. एवढ्यात बोबडं बोलणारं धाकटं पोर हातात गवताची काडी घेऊन पुढे येतं आणि म्हणतं, हिनंच मी राक्षसाला मारतो. रडारडीतही घरच्यांना हसू फुटतं. मग कुंती पुढे होते.

पोराचं धाडस खोटं नाही. त्याची कोणी थट्टा करत नाही, आणि त्याला गाड्यावर बसवून कोणी रवानाही करत नाही. जातो तो भीम. थोराड, आणि गावचा नसलेला. ज्या गावानं आसरा दिला त्याचं ऋण कुंती आपल्या मुलाच्या जिवावर फेडते. जन्मानं नसलेलं गाव आपलं कसं होतं याची याहून सरळ गोष्ट माझ्या वाचनात नाही.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहायला घेतली ती १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात. पाच दिवसांत तिचा बहुतेक भाग झाला. पुस्तक १९३५ साली आलं. देशासाठी कैदेत पडलेला हा माणूस लिहितो कशाबद्दल? पत्रावळ लावण्याबद्दल, पोहायला घाबरण्याबद्दल, आंघोळीनंतर तळवे मळतील म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलाबद्दल. तुरुंगाच्या भिंती आणि इंग्रज सरकार गोष्टीत फारसे डोकावतच नाहीत. तरी मोळी उचलता न येणाऱ्या महार म्हातारीला हात द्यायला आई श्यामला पाठवते, तो प्रसंग वाचताना गुरुजींच्या मनातला देश कुठला होता ते दिसतं. १९४७ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्य दाराशी आलेलं असताना, ते पंढरपूरचं देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले. मोळी उचलणारा मुलगा वाढला तर तिथंच जाणार होता. अत्र्यांच्या याच नावाच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि मग श्याम घरोघर रडण्याचा विषय झाला. रडण्यात ती मोळी मागे पडली, असं माझं मत आहे.

त्याच म्हातारीच्या बाजूनं सांगितलेली गोष्ट मराठी पडद्यावर यायला २०१३ साल उजाडलं. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' मी आमच्या ओसरीत मुलांना दाखवला. जब्या नावाचा कैकाडी मुलगा. घरच्यांसोबत गावाचं डुक्कर धरायच्या कामाला जुंपलेला. डुक्कर हाताशी येतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, डुक्कर निघून जातं. पोरं आधी हसली. हसू यावं असाच तो प्रसंग आहे. मग आठवीतली एक पोट्टी म्हणाली, "बाई, ते उभे काहून राहिले? त्यांना कोण पाहून राहिलं होतं?" एकाचं मत पडलं सवय, दुसऱ्याचं भीती. तिसरा, जो एरवी बोलत नाही, म्हणाला की त्यांना खरंच वाटलं असंल. रात्री सिनेमा संपला तरी हे भांडण मिटलं नव्हतं. देशानं ज्यांना दारात उभं केलं नाही, तेही देशासाठी उभे राहतात. जब्याला वयात येताना हे कळतं, आणि हातात दगड येतो.

वर्ध्याच्या लोकांकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती घडलेली आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि 'नई तालीम' आकाराला आली: हातानं काम करत शिकायचं, सूत कातायचं, भाजी पिकवायची, संडास स्वतः साफ करायचे. डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत वाढले. त्यांचे वडील ठाकुरदास बंग अर्थशास्त्राचे प्राध्यापक. अमेरिकेत शिकायला निघाले होते. अर्थशास्त्र शिकायचं तर भारताच्या खेड्यांत जा, असं गांधीजींनी त्यांना सुचवलं आणि ते खेड्यात गेले, ही आठवण अभय बंग नेहमी सांगतात. दुसरी आठवण त्यांच्या स्वतःच्या तेराव्या वर्षाची. दोघे भाऊ सायकलवरून वर्ध्याजवळच्या एका खेड्यात गेले असताना त्यांनी वाटणी केली: थोरल्या अशोकनं शेती सुधारायची, धाकट्यानं आरोग्य. बाकीची मुलं गोट्यांची वाटणी करतात त्या वयात! थोरले खरोखर शेतीत काम करत राहिले. धाकटे डॉक्टर होऊन पत्नी राणी यांच्यासह १९८६ साली गडचिरोलीला गेले. या गोष्टीत झेंडा कुठेच नाही, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचं नाटकही बसवता येत नाही.

आज माझ्याकडे येणारी पोरं पहाटे रस्त्याच्या कडेनं धावतात. सोळाशे मीटर, मोबाइलवर वेळ लावून. पोलीस भरती, नाहीतर अग्निवीर. नाहीच जमलं तर बुटीबोरीची कंपनी. कपाशीवर संसार चालत नाही हे त्यांनी घरात पाहिलंय. पगार आणि देश या दोन गोष्टी त्यांच्या बोलण्यात वेगळ्या पडत नाहीत, आणि त्या वेगळ्या काढा असा हट्ट पोटभर जेवणाऱ्यांनी धरू नये. मुलीही धावतात, पण एकत्र, आणि उजाडल्यावर.

हीच पोरं चार-पाच वर्षांची असताना तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत दारोदार फिरलेली असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा हा सण आमच्या भागात लहानग्यांचा. आमच्याच तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तर फार गाजलेला, माणसापेक्षा उंच नंदी निघतात तिथे. पोरं सजतात: कोणी शिवाजी, कोणी भारतमाता, कोणी खाकी टोपी घालून जवान. घरोघरी ओवाळतात, बोजारा देतात, पैसे मोजता मोजता भांडणं होतात. ज्याच्या घरी एकरभर शेत नाही त्याच्याकडेही लाकडाचा बैल असतो. आपण इथले आहोत हे मुलाला भाषणाच्या कितीतरी आधी त्या दोरीतून कळलेलं असतं.

ओसरीतल्या मुलांत एक पोरगा आहे, बाप छिंदवाड्याकडून येऊन इथे सालदार म्हणून राहिलेला. घरी हिंदी, शाळेत मराठी, खेळताना आमची वऱ्हाडी. बकासुराची गोष्ट झाली त्या दिवशी त्यानं विचारलं, "बाई, पांडव तर बाहेरचे होते ना जी? मग भीम आपला कसा?" मी कुंतीचं, ऋणाचं, आसऱ्याचं सांगायला तोंड उघडणार, तर मागून एका पोट्टीनं निकाल देऊन टाकला, "अरे, राक्षसाचा गाडाभर भात त्यानं आधी बसून खाल्ला. आपल्या गावचं खाल्लं म्हणजे आपलाच झाला."

तो थोडा वेळ हिशेब करत राहिला. मग म्हणाला, "मी तर रोजच खातो."