आमवातावरील सांध्यांतर्गत स्टेरॉइड इंजेक्शन : उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :

कळंब परिसरात ‘संधिवात’ हा एकच शब्द अनेक आजारांसाठी योजला जातो. साठीनंतर होणारी गुडघ्यांची झीज, २००६ च्या साथीपासून परिचित झालेल्या चिकुनगुनियानंतर महिनोन्महिने दुखणारे घोटे आणि तिशी-चाळिशीतील स्त्रीच्या दोन्ही हातांची सकाळी न मिटणारी बोटे, या सर्वांना हेच नाव मिळते. उपायही पुष्कळदा एकच सुचविला जातो, तो म्हणजे ‘सांध्यातली सुई’. ही सुई म्हणजे स्टेरॉइडचे इंजेक्शन. काही लोक तिच्याकडे चमत्कार म्हणून पाहतात, तर काही जण ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकताच उपचार सोडून देतात. या दोन्ही प्रतिक्रिया रुग्णाच्या हिताच्या नाहीत. प्रस्तुत लेखक रसायनशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यक नाही. त्यामुळे येथे उपचाराचा सल्ला देण्याचा हेतू नसून हे औषध सांध्यात नेमके काय करते व काय करू शकत नाही, एवढेच स्पष्ट करावयाचे आहे.

आमवात आणि झीज यांतील भेद :

आमवात हा रोगप्रतिकार संस्थेचा विकार आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि कालांतराने शेजारील कूर्चा व हाड कुरतडू लागते. हाताची लहान बोटे, मनगटे व पायाचे चवडे दोन्ही बाजूंना सारखे सुजणे आणि सकाळचा ताठरपणा तासभर किंवा अधिक टिकणे ही त्याची लक्षणे होत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दोन ते तीन पट अधिक आढळतो. झिजेच्या आजारात मात्र कूर्चा विरळ होत जाते. त्यात दाह गौण असतो आणि सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात ओसरतो.

या भेदाचे महत्त्व महाराष्ट्रातील एका पाहणीवरून ध्यानी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमांतर्गत पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये घरोघरी पाहणी सुरू झाली. चार हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचा त्रास होता. झिजेचा आजार सुमारे ६ टक्के लोकांत, तर आमवात केवळ ०.५ टक्के लोकांत आढळला. म्हणजेच ‘मला संधिवात आहे’ असे सांगणाऱ्यांमध्ये आमवाताचे रुग्ण थोडेच असतात. ते गर्दीत हरवतात. हात कायमचे वाकडे होण्याचा धोका मात्र त्यांनाच सर्वाधिक असतो.

औषधाचा पूर्वेतिहास व रसायन :

कावीळ झाल्यावर अथवा गरोदरपणात आमवाताच्या रुग्णांना तात्पुरता आराम पडतो, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच यांनी १९२९ पासून टिपून ठेवले होते. शरीरातीलच एखादे द्रव्य हा आराम देत असावे, असा त्यांचा तर्क होता. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून वेगळे केलेले कॉर्टिसोन सप्टेंबर १९४८ मध्ये एका तरुण रुग्ण स्त्रीला देण्यात आले. खाटेला खिळलेली ती स्त्री काही दिवसांतच चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइशस्टाइन यांना मिळाले. तथापि हा आनंद फार काळ टिकला नाही. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांचे चेहरे सुजू लागले, हाडे ठिसूळ झाली आणि औषध थांबविताच आजार उसळून येऊ लागला.

साहजिकच विचार पुढे आला की औषध सर्व शरीराला न देता फक्त दुखऱ्या सांध्यात द्यावे. येथे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडावी अशी एक गोष्ट घडली. सांध्यात टोचलेल्या कॉर्टिसोनचा म्हणावा तसा गुण येईना. परंतु फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन वापरताच सूज उतरली. दोन्ही रेणूंत फरक काय, तर अकराव्या कार्बनवर एकात कीटो गट आणि दुसऱ्यात हायड्रॉक्सिल गट. कॉर्टिसोन स्वतः निष्क्रिय असून त्याचे सक्रिय रूपांतर मुख्यत्वे यकृतात होते. पोटातून घेतलेले औषध यकृतातून जाते, सांध्यात टोचलेल्या औषधाला ती वाट मिळत नाही.

आज ट्रायअ‍ॅमसिनोलोन अ‍ॅसिटोनाइड किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट वापरतात. ही संयुगे पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असतात. म्हणूनच बाटली हलविल्यावर द्रव दुधासारखा पांढरा दिसतो. त्यातील सूक्ष्म स्फटिक सांध्यात हळूहळू विरघळतात आणि परिणाम काही आठवडे, क्वचित काही महिने टिकतो. याच स्फटिकांमुळे काही रुग्णांचे दुखणे पहिले एक-दोन दिवस उलट वाढते. ‘सुई लागली नाही’ असा समज येथूनच पसरत असावा.

उपयोग व मर्यादा :

आमवाताच्या रुग्णाचे बाकीचे सांधे आटोक्यात असून एकच गुडघा किंवा मनगट सुजलेले असेल, तेव्हा या इंजेक्शनचा गुण ठळक दिसतो. मूळ औषधाचा परिणाम दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात, तेवढा काळ निभावून नेण्यासही ते उपयोगी पडते. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ज्या बाईची बोटे सकाळी दहापर्यंत उघडत नाहीत, तिचे नुकसान त्याच दिवशी तराजूवर दिसते. अशा स्त्रीला ‘स्टेरॉइड वाईट’ एवढेच सांगून परत पाठविणे अन्यायाचे होय.

परंतु सुई एका सांध्यातील दाह शमविते, आजार चालूच राहतो. दुखणे थांबल्यामुळे रुग्ण पुन्हा तपासणीस जात नाही आणि हाड कुरतडण्याचे काम इतर सांध्यांत मुकाट्याने सुरू असते. लेखकाच्या मते खरी हानी येथे होते, औषधाच्या दुष्परिणामांत तितकी नाही. आमवाताचा मूळ प्रवाह रोखणारे औषध मेथोट्रेक्सेट हे आहे. ते पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाल्यास हात वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

झिजेच्या गुडघ्याबाबत अधिक सावधगिरी हवी. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४० रुग्णांना दोन वर्षे दर तीन महिन्यांनी ट्रायअ‍ॅमसिनोलोन किंवा साधे मिठाचे पाणी टोचण्यात आले. वेदनेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा मात्र अधिक विरळ झाली. एका सांध्यात दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन महिन्यांचे अंतर ठेवण्याचा प्रघात आहे.

सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर हे इंजेक्शन देऊ नये. ताप आणि एकच लालसर गरम सांधा असल्यास आधी सांध्यातील पाणी काढून तपासावे लागते. आपल्याकडे गुडघ्याचा क्षयरोगही आमवातासारखा भासू शकतो आणि स्टेरॉइडने तो झाकला जातो. मधुमेही रुग्णांची साखर इंजेक्शननंतर काही दिवस वाढते, याची कल्पना त्यांना आधीच द्यावयास हवी. गावोगावी मिळणाऱ्या विनालेबल पुड्यांचा प्रश्न वेगळाच आहे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास रुग्ण नकळत रोजच ते घेत राहतो आणि पुडी एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

महाविद्यालयाची भूमिका :

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपले विद्यार्थी आरोग्य पाहणी करतात, तेव्हा ‘सांधे दुखतात का’ एवढाच रकाना असतो. त्याऐवजी सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो, दोन्ही हातांची बोटे सुजतात का आणि सहा आठवड्यांहून अधिक काळ झाला का, हे तीन प्रश्न विचारले तर संशयित रुग्ण वेगळे काढता येतील. त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामला पाठविता येईल. मेथोट्रेक्सेट सुरू झालेल्या घरी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. या आजारात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास ती प्राणघातक ठरू शकते. गर्भधारणेच्या काळात ती चालत नाही आणि रक्ततपासणी ठरलेल्या अंतराने करावी लागते. चिठ्ठीवर गोळीचा वार मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावा. कळंबला बाजाराचा दिवस घरातील सर्वांच्या लक्षात असतो. वैद्यकांच्या संमतीने गोळीचा वारही तोच ठेवता येईल.