प्रोजेक्ट विकतचा की हातचा?



उन्हाळ्यात आम्ही एका सभासदाच्या घरी गेलो होतो. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सोप्यात टेबलावर एक पेटी, तिला वायरी, लुकलुकणारे दिवे. कौतुकानं विचारलं, "हे काय रे?"

"काका, जमिनीतला ओलावा दाखवणारं यंत्र. कॉलेजचा प्रोजेक्ट आहे."

"मग चल की, खाली खोडव्यात लावून बघू."

तसा पोरगा गप्प झाला. यंत्र शहरातल्या दुकानातून तयार आणलेले होते, सोबत छापील अहवालही मिळाला होता. पैसे गेले उसाच्या बिलातले. पोरगा हुशार आहे, दोष त्याच्या एकट्याचा नाही. कॉलेजात खोलात जाऊन कोणी विचारले नाही, आणि घरी काय विचारायचे ते आपल्यालाही ठाऊक नसते. म्हणून हा लेख.

पदवी मिळण्याच्या आधीच विद्यार्थ्याने जाणत्या संशोधकाच्या हाताखाली खरे संशोधन करावे, ही पद्धत आज बऱ्याच देशांत आहे. तिचे नाव झाले ते अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेमुळे. झटपट फोटो देणाऱ्या पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९५७ साली तिथल्या भाषणात सांगितले, की मुलाला पहिल्या वर्षापासूनच स्वतःचा प्रश्न आणि पाठीशी एक मार्गदर्शक द्या. हे लँड स्वतः कॉलेज अर्धवट सोडलेले गृहस्थ, हे विशेष! पुढे त्याच संस्थेत शिकलेल्या मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण प्राध्यापिकेने १९६९ मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आणली. विद्यार्थी प्राध्यापकाच्या चालू संशोधनात शिरतो, त्याबद्दल त्याला गुण मिळतात किंवा चक्क पगार मिळतो. मुख्य गोष्ट अशी की प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले नसते. गुरुजींनाही ते माहीत नसते.

मग गुरुजींचा उपयोग काय? आपल्याच धंद्यातले उदाहरण घेऊ.

समजा, विज्ञान शाखेतल्या आपल्या एखाद्या मुलीने ठरवले, की तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर साखर किती घटते ते मोजायचे. उशीर झाला की नुकसान होते हे आपल्याला माहीत आहेच. पण आपल्या जातीचा, आपल्या रानातला ऊस डिसेंबरच्या थंडीत किती घटतो आणि मार्चच्या उन्हात किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. तिने ब्रिक्स मीटर घेतले. तोडीच्या दिवशी रस तपासला, मग रोज तपासत गेली. आणि आकडा वाढायला लागला! पोरीला वाटणार, ऊस पडून राहिला की साखर वाढते. विकतच्या अहवालात हा घोटाळा तसाच छापला जाईल.

इथे मार्गदर्शक एकच प्रश्न विचारतो : "मोळीचं वजन केलं होतंस का?"

वजन केले तर दिसते की ऊस वाळला आहे. पाणी उडाले, म्हणून रस घट्ट झाला. शिवाय ब्रिक्स मीटर रसात विरघळलेले सगळेच मोजते. तोडल्यानंतर उसातल्या साखरेची फोड होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते, त्यांचे दाणे पडत नाहीत, ती मळीत जातात. मीटरला मात्र तीही दिसतातच. खरी साखर पाहायची तर प्रयोगशाळेत पोल काढावा लागतो. म्हणजे पोरीने पुन्हा सुरुवात करायची. एकाच फडातल्या, एकाच दिवशी तोडलेल्या मोळ्या, काही उन्हात, काही सावलीत पाचटाखाली. रोज वेगळ्या मोळ्या गाळायच्या, कारण गाळलेला ऊस परत मोजता येत नाही. एका मोळीवर भागत नाही, ऊस ऊस वेगळा असतो. आधीचे चुकलेले आकडेही वहीत तसेच ठेवायचे, खोडायचे नाहीत. ह्या सगळ्यात एक हंगाम जातो.

हा प्रश्न आपल्या खिशाचा आहे. वजन घटले तर काट्यावर ज्याचा ऊस त्याचे नुकसान. उतारा घटला तर सगळ्यांचेच, कारण उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी बांधलेला आहे.

आपल्याकडे सोयी नाहीत असे नाही. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने नामवंत शास्त्रज्ञांकडे पाठवतात, विद्यावेतनही देतात. अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास, म्हणजे नेमके आपण तोडीच्या गडबडीत असताना भरायचे असतात. मुंबईच्या होमी भाभा केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या मुलांसाठी असाच उपक्रम सुरू केला. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा २००६ पासूनची. नव्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधन घेता येते. पण टक्क्यांची वाट बघत बसू नये. दुसऱ्या वर्षाच्या पोरानेही गुरुजींना जाऊन विचारावे, "सर, तुमचं काय काम चाललंय? मी येऊ का?"

१९८३ साली वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि प्रवरा, वारणा अशा कारखान्यांच्या परिसरात कॉलेजे उभी राहिली. ऊसवाल्याच्या घामावर उभी राहिलेली ही कॉलेजे आहेत. तिथे जाऊन दोन गोष्टी विचारायला आपण लाजू नये : प्रोजेक्टचा प्रश्न कोणी काढला, आणि गुरुजी आठवड्यातून किती वेळा वही बघतात? आणि हो, पोराला प्रोजेक्टसाठी पैसे देताना पावती कशाची आहे तेही बघावे. तारा आणि सुटे भाग असतील तर ठीक. पेटी आणि अहवाल एकत्र असेल तर थांबवा.

सभासदांच्या ज्या मुलामुलींना उसावर काही मोजायचे असेल, त्यांनी आपला प्रश्न एका कागदावर लिहून, मार्गदर्शक प्राध्यापकांच्या सहीनिशी शेतकी ऑफिसात द्यावा. ब्रिक्स मीटर तिथे आहे, पोल कारखान्याच्या प्रयोगशाळेत निघतो. मात्र तोडीचा प्रोग्रॅम लागण्याआधी यावे, म्हणजे एखादा फड त्यासाठी बाजूला ठेवता येईल.