अठ्ठेचाळीस 'के'ची दुनिया

ज्यांची मुले ऐंशीच्या दशकात या देशात वाढली, त्यांच्या लॉफ्टमध्ये एक खोका हमखास सापडतो. त्यात रबरी बटणांचा, वहीएवढा पातळ काळा कॉम्प्युटर असतो, वायरींचा गुंता असतो, आणि शेजारी कॅसेटांनी भरलेला बुटांचा डबा. मुले आपापल्या संसाराला लागली, घर लहान करायची वेळ आली, की हा खोका कौन्सिलच्या टिपवर जायला निघतो. आमचे म्हणणे एवढेच, की तो गाडीत टाकण्यापूर्वी जरा थांबावे. का, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी थोडा इतिहास. १९८० पूर्वी बहुतेकांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे बँकेतले किंवा विद्यापीठातले यंत्र. ते सामान्य घरात आणायचे श्रेय मोठ्या प्रमाणात क्लाइव्ह सिंक्लेअर यांना द्यावे लागते. १९८० साली त्यांनी झेडएक्स ८० बाजारात आणला: सुटे भाग घेऊन घरी जोडलात तर ७९.९५ पौंड, तयार हवा असेल तर ९९.९५. पुढच्याच वर्षी झेडएक्स ८१ आला तो तयार ६९.९५ पौंडांना, आणि तोही डब्ल्यू. एच. स्मिथमध्ये! जिथे आपण मुलांच्या वह्या-पेन्सिली घ्यायला जायचो, तिथेच आता कॉम्प्युटर. त्याची स्मरणशक्ती अवघी एक किलोबाइट. म्हणजे या लेखाचा जेमतेम एखादा परिच्छेद मावला असता.

२३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर झाला. १६ 'के'चा १२५ पौंड, ४८ 'के'चा १७५. रंग होते, चिरका का होईना आवाज होता, आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही चालत होता. स्कॉटलंडमधल्या डंडी गावी टाइमेक्सच्या कारखान्यात तो तयार होई. पुढील दहा वर्षांत त्याची सगळी रूपे मिळून पन्नास लाखांवर यंत्रे विकली गेली.

दुसऱ्या बाजूला होता बीबीसी मायक्रो. लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा म्हणून बीबीसीने मालिका करायचे ठरवले आणि तिच्यासाठी यंत्राचा शोध सुरू झाला. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे हर्मन हाउझर यांनी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांना वेगवेगळे गाठून विचारले, की आठवड्याभरात नमुना होईल का? दोघांनीही अशक्य म्हणून सांगितले. तेव्हा हाउझर प्रत्येकाला म्हणाले, दुसऱ्याला तर जमेल असे वाटते! झाले. रात्रीचा दिवस करून मंडळी कामाला लागली आणि बीबीसीचे लोक पाहायला आले त्या दिवशी नमुना चालू होता. जानेवारी १९८२ मध्ये मालिका सुरू झाली. शाळांना कॉम्प्युटर घेण्यासाठी निम्मी किंमत सरकार देत होते, त्यामुळे बीबीसी मायक्रो शाळाशाळांतून पोचला. थोडक्यात, बीबीसी शाळेचा आणि स्पेक्ट्रम घरचा, असा मामला होता.

आम्हा आईबापांचा हिशोब साधा होता. आपण इथे शिक्षणाच्या जोरावर आलो, मुलांनी एक पाऊल पुढे जावे. 'अभ्यासासाठी' या एका शब्दावर कॉम्प्युटर घरात आला. एकशेपंचाहत्तर पौंड ही काही गंमत नव्हती. ओव्हरटाइम करून, कुणी भारताची फेरी एक वर्ष लांबवून ते पैसे उभे केले. आणि मग घरोघरी एकच संवाद सुरू झाला. "अरे, अभ्यास करतोयस ना?" "हो आई, लोड होतंय."

हे लोड होणे म्हणजे एक अनुष्ठानच होते. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालायची, आवाज बरोबर तेवढाच ठेवायचा, 'जे'चे बटण दाबले की पडद्यावर आख्खा 'लोड' शब्द उमटायचा. मग ती किंकाळी! पडद्याच्या कडेला आधी लाल-निळसर जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे. चार-पाच मिनिटे श्वास रोखून बसायचे, आणि शेवटच्या क्षणी 'टेप लोडिंग एरर' आली की पुन्हा पहिल्यापासून. आजच्या मुलांना हे सांगितले तर ती आपल्याकडे दयेने पाहतात. पण त्या मुलांच्या अंगी चिकाटी आली, तिची सुरुवात बहुधा इथेच झाली असावी.

खेळ मात्र काय एकेक होते! १९८३ चा 'मॅनिक मायनर' मॅथ्यू स्मिथ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने लिहिला. वीस गुहा, एक खाणकामगार, आणि संपत चाललेली हवा. १९८४ चा 'नाइट लोअर' अॅशबी-द-ला-झूच या लहानशा गावातल्या स्टॅम्पर बंधूंचा; सपाट पडद्यावर खोल्यांना खोली आणून दाखवणारा. आमच्या आवडीचा मात्र 'एलीट'. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल हे केंब्रिजचे दोन विद्यार्थी, यंत्र बीबीसी मायक्रो, साल १९८४. खेळाडूला एक यान आणि थोडे पैसे मिळायचे आणि फिरायला आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. म्हणजे २०४८ ग्रह, त्यांची नावे, राज्यपद्धती, बाजारभाव, आणि हे सगळे ३२ 'के'च्या यंत्रात!

हे कसे जमले? तर ते ग्रह कुठे साठवलेलेच नव्हते. आपण सतराचा पाढा पाठ नसला तरी सतरा-सतरा मिळवत पुढे जातो ना, तसेच हे. कॉम्प्युटरकडे सुरुवातीच्या तीन संख्या आणि त्या मिळवत जाण्याचा नियम एवढेच होते. हव्या त्या ग्रहाशी आलात, की त्या संख्यांतून त्याचे नाव-गाव जागच्या जागी तयार व्हायचे. दर वेळी तेच यायचे, कारण नियम तोच. आज मोबाइलवर काढलेला तीन मेगाबाइटचा एक फोटो ठेवायला चौसष्ट स्पेक्ट्रम लागतील. त्या तुलनेत ही काटकसर पाहिली, की आपल्या आज्यांचा कोंड्याचा मांडा आठवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हे यंत्र सुरू केले की पुढे काहीच व्हायचे नाही. खेळ नाही, चित्र नाही. यंत्र तुमच्या हुकुमाची वाट पाहत बसायचे. त्यामुळे खेळून कंटाळलेले मूल आपसूकच काहीतरी लिहून पाहायचे. सोबत बेसिक भाषा शिकवणारे पुस्तक मिळे. मासिकांत पानेच्या पाने प्रोग्रॅम छापून यायचे आणि मुले ते बोटाने ओळ धरून टाइप करायची. एक स्वल्पविराम चुकला तरी सगळे ठप्प. रविवारच्या मराठी वर्गात ऱ्हस्व-दीर्घावरून रडणारी पोरे इथे मात्र स्वतःची चूक तासन्‌तास शोधत बसायची!

आणि मराठीचेच म्हणाल, तर तिचाही या यंत्रात शिरकाव झाला होता. स्पेक्ट्रममध्ये एकवीस अक्षरे स्वतः काढायची सोय होती. प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांची चौकट. ठिपका हवा तिथे एक, नको तिथे शून्य. वरची ओळ भरली की शिरोरेघ तयार! 'ग' आणि 'म' झटकन जमायचे. पण वेलांटी शिरोरेघेच्या वर जायला जागा मागते, म्हणजे सगळे अक्षर एक ओळ खाली. 'क्ष' आठ ठिपक्यांत बसता बसत नाही. आणि एकवीस जागांत चौतीस व्यंजने बसवायची कशी? बाप-लेकांनी चौकटीच्या वहीवर पेन्सिलीने स्वतःचे नाव आखले आणि टीव्हीवर ते देवनागरीत उमटले, तेव्हा ज्या मुलाला मराठी म्हणजे आईबापांची सक्ती वाटायची, त्याने ते अक्षर पाच वेळा पुसून पुन्हा काढले. आमच्या पाहण्यात मराठीचा याहून चांगला गृहपाठ झालेला नाही.

तिकडे भारतातही हे वारे पोचले होते. भारत सरकारच्या 'क्लास' या प्रकल्पातून १९८४-८५ पासून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो आले. १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काढला. म्हणजे बर्मिंगहॅमचा भाऊ आणि भारतातला त्याचा मामेभाऊ एकाच तऱ्हेच्या यंत्रावर बोटे चालवीत असण्याची शक्यता होती.

पुढे हे पर्व ओसरले. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरने आपला कॉम्प्युटरचा धंदा अॅमस्ट्रॅडला पन्नास लाख पौंडांना विकला. १९९२ साली स्पेक्ट्रमचे उत्पादन थांबले. सर क्लाइव्ह २०२१ मध्ये गेले. पण पेरलेले वाया गेले नाही. विल्सन आणि फर्बर यांनी आखलेली एआरएम चिप १९८५ मध्ये प्रथम चालली. तुमच्या-आमच्या खिशातल्या मोबाइलचा मेंदू तिच्याच वंशातला. २०१२ साली केंब्रिजहून 'रास्पबेरी पाय' हा स्वस्त, चिमुकला कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर सायन्सला येणाऱ्या मुलांची संख्या आणि तयारी घटते आहे, या काळजीतून तो जन्मला. त्याच्या संस्थापकांत 'एलीट'वाले ब्रेबन आहेत, आणि 'मॉडेल ए', 'मॉडेल बी' ही नावे बीबीसी मायक्रोची आठवण म्हणून.

आता त्या बुटांच्या डब्याकडे वळू. त्या काळी भारतात फोन करणे महाग, म्हणून आपण आवाजाची पत्रे पाठवायचो. आजी-आजोबा कॅसेटवर बोलायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर ती पोचायची. मुलांना प्रोग्रॅम साठवायला कॅसेट हवी असायची, आणि घरात हाताशी सापडे ती चालायची. पुसली जाऊ नये म्हणून खाच मोडलेली असली, तर तिच्यावर सेलोटेप लावायचे ज्ञान प्रत्येक पोराला होते. आमच्या ओळखीच्या एका घरी 'गेम्स' असे लिहिलेली कॅसेट अलीकडे लावली, तर तीन मिनिटे किंकाळी, मग खरखर, आणि मग वाक्याच्या मधूनच आजींचा आवाज: "...आणि मग त्यात थोडं तूप सोडायचं, बरं का." आजींना जाऊन वीस वर्षे झाली होती. पुढची अकरा मिनिटे घरात कोणी बोलले नाही.

म्हणून सांगतो, डबा टाकण्याआधी प्रत्येक कॅसेट, दोन्ही बाजू, शेवटपर्यंत ऐका. आधी पेन्सिलीने टेप हलकेच फिरवून मोकळी करा. टेपरेकॉर्डरचे हेड स्वच्छ पुसून घ्या. हेडफोनच्या भोकातून वायर काढून आताच्या कॉम्प्युटरमध्ये आवाज उतरवून ठेवा. ती किंकाळीसुद्धा पुसू नका. तीत तुमच्या मुलाने अकराव्या वर्षी लिहिलेला प्रोग्रॅम असेल, तर त्या आवाजातून तो पुन्हा चालवता येतो. जुने यंत्र थेट विजेला जोडू नका, जाणकाराकडून तपासून घ्या. घरी ठेवणे नसेल जमत, तर केंब्रिजच्या सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरीसारख्या संग्रहालयाला विचारून पाहा. नातवंडांना घेऊन तिथे एक चक्कर जरूर मारावी.

'खेळतच बसतो मेला' असे म्हणून आपण ज्या यंत्राला नावे ठेवली, त्याने आपल्या कितीतरी मुलांना पोटापाण्याला लावले. कुणाकडे अशी कॅसेट किंवा चौकटीच्या वहीवरचे ते देवनागरी अक्षर अजून असेल, तर मंडळाकडे जरूर कळवा. पुढच्या अंकात छापायला आम्हाला आनंद वाटेल.