पन्नास डेन्सिटी आणि मे महिन्यातलं डांबर

देवळीहून एका वाचकांनी विचारलंय: घरच्या कापसाच्या गादीवर मेमरी फोमचा टॉपर टाकायचाय, दुकानदार ४०, ५० आणि ८० डेन्सिटी दाखवतो, कोणता घ्यावा? सोबत जाहिरातीचा कागद जोडलाय. त्यावर अर्थातच रॉकेट आहे!

आधी त्या रॉकेटचा निकाल लावू. हा फोम १९६६ मध्ये नासाच्या एम्स केंद्राच्या कामातून आला खरा, पण डोळ्यांसमोर चंद्र नव्हता, विमानातली खुर्ची होती; आपटली तर धक्का सोसणारी आणि एरवी अंग न अवघडवणारी. श्रेय बहुधा चार्ल्स योस्ट यांना मिळतं. त्याच कामातले एम्सचे चिहारू कुबोकावा फारसे कुणाला आठवत नाहीत. जाहिरातीत तर दोघंही नसतात, नुसतं रॉकेट.

आता आकडा. ५० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ५० किलो. यातून माल किती भरलाय ते कळतं, मऊपणा नाही. तो रसायनांच्या मेळावर ठरतो, म्हणून ५० चेच दोन टॉपर एक लुसलुशीत, एक टणक असू शकतात. कमी डेन्सिटीचा फोम मात्र लवकर दबून बसतो. पडताळा सोपा आहे: सहा बाय तीन फुटांचा, दोन इंची, ५० डेन्सिटीचा टॉपर काट्यावर सव्वाचार किलोच्या आसपास भरला पाहिजे. अडीच किलोच भरला, तर तो ३० चा. (वजन वाढवायला फोममध्ये खडूची भुकटीही घालता येते, तेव्हा काट्यावरही आंधळा विश्वास नको.)

खरी गंमत तापमानात आहे. मे महिन्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावरून झपझप चाललात तर काही होत नाही. बोलत उभे राहिलात की चप्पल रुतते. तोच रस्ता डिसेंबरच्या पहाटे दगड. मेमरी फोमही असाच, दाब किती वेळ आणि किती उष्णतेत पडतोय ते पाहून वागणारा. अंगाच्या उबेनं तो सैलावतो आणि आकार घेतो. पण वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा तो अंग टेकण्याआधीच सैलावलेला असतो. कूलरच्या दमट हवेत आणखीच. थंडीत दुकानात दाबून पाहिलेला टॉपर म्हणूनच मे महिन्यात ओळखू येत नाही.

माझं मत: दोन इंची, ५० च्या आसपासचा, थोडा टणकच घ्या. ८० चा टिकेल, पण तो जड आणि उष्णता धरून ठेवणारा, विदर्भात कशाला? त्याआधी गादी पिंजून घ्या, कारण खालचा खड्डा टॉपर बुजवत नाही, त्यातच उतरतो. गादीला ऊन दाखवता तसं टॉपरला दाखवू नका. अतिनील किरणांनी पॉलियुरेथेन पिवळं पडतं आणि पुढे त्याचा भुगा होतो.