छोटी पेढी आणि तिची माणसे

सुरत हे व्यापाराचे शहर. इंग्रजांनी १६१३ साली येथे वखार घातली आणि शिवाजी महाराजांनी १६६४ व १६७० असे दोन वेळा हे शहर लुटले, ते येथील संपत्तीची कीर्ती दूरवर पसरली होती म्हणूनच. जरीकाम, रेशीम, पुढे कृत्रिम धाग्याचे कापड आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम, अशी या शहराच्या उद्योगांची परंपरा आहे. गेल्या काही वर्षांत तिच्यात एका नव्या धंद्याची भर पडली. व्यापाऱ्यांना वेबसाइट बांधून देणे आणि तिची निगा राखणे, हा तो धंदा होय. एखाद्या व्यापारी संकुलातील दोन खोल्या, आठदहा संगणक आणि तितकीच तरुण माणसे एवढ्यावर ही पेढी उभी राहते.

इतर धंद्यांत भांडवल डोळ्यांना दिसते. मागवाल्याचे माग असतात, हिरेवाल्याची घंटी असते, कापडवाल्याचे तागे असतात. या पेढीचे भांडवल मात्र माणसांच्या डोक्यात असते आणि रोज संध्याकाळी ते जिना उतरून घरी जाते. ते दुसऱ्या दिवशी परत येईल की नाही, हीच मालकाची खरी चिंता. या एका चिंतेतून पेढीच्या कारभारातील बहुतेक चुका जन्म घेतात.

या पेढ्यांत काम करणारी मुले कोठून येतात, हेही पाहण्यासारखे आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या खानदेशी जिल्ह्यांतून हजारो मराठी कुटुंबे सुरतेत आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावली. बापाने मागावर बारा तास उभे राहून काढले आणि मुलाने महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकून पुढे संगणकाची पदवी मिळवली, अशी घरे तेथे आहेत. अशा घरातील मुलाच्या दृष्टीने पहिली नोकरी म्हणजे साऱ्या घराने पिढीभर केलेल्या बचतीचे फळ असते. म्हणून मालक त्याला कसे वागवतो, हा केवळ धंद्याचा प्रश्न राहत नाही.

प्रथम या कामाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. वेबसाइटला एक नाव लागते, त्याला डोमेन म्हणतात. ते कोणी कायमचे विकत घेत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवले जाते आणि मुदत संपण्यापूर्वी पैसे भरून चालू ठेवावे लागते. ज्या सर्व्हरवर मजकूर व चित्रे ठेवायची त्याचेही भाडे असते. त्यानंतर प्रत्यक्ष बांधणी येते आणि बांधणी झाली तरी काम संपत नाही. प्रणालीत दोष सापडतात, ते दुरुस्त करावे लागतात. चोर दाराशी टपलेले असतात, त्यांना अडवावे लागते. थोडक्यात, हे काम घर बांधण्यासारखे कमी आणि बाग राखण्यासारखे अधिक आहे. माळी एक महिना आला नाही, की तण माजते.

आता या बागेच्या किल्ल्या कोणाच्या हाती असतात? लहान पेढीत त्या बहुधा एखाद्याच हुशार मुलाच्या हाती जातात. सर्व्हरचा पासवर्ड त्याला पाठ, डोमेनची नोंद त्याच्या ईमेलवर, कोणत्या गिऱ्हाइकासाठी कोठे काय बदलले तेही त्यालाच ठाऊक. तो सहा महिन्यांनी नोकरी सोडतो, मुदत संपल्याची सूचना त्याच्या बंद पडलेल्या पत्त्यावर जाते आणि ऐन दिवाळीच्या हंगामात कापडवाल्याची वेबसाइट नाहीशी होते. यात त्या मुलाची लबाडी असतेच असे नाही. पेढीने व्यवस्थाच लावलेली नसते. डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर असावे, किल्ल्या पेढीच्या नोंदवहीत असाव्यात, प्रत्येक बदलाची तारखेसह टिपण ठेवावी आणि कोणतेही महत्त्वाचे काम किमान दोघांना यावे. या साध्या शिस्तीने निम्मी भीती नाहीशी होते.

पण अनेक मालक याऐवजी दुसरा मार्ग धरतात. ते माणसालाच बांधून ठेवू पाहतात. नोकरीवर घेताना मुलाच्या मूळ गुणपत्रिका कपाटात ठेवून घेतात आणि दोनतीन वर्षांचा करारनामा लिहून घेतात. सोडून गेल्यास मोठी रक्कम भरावी आणि पुढे काही वर्षे याच धंद्यात काम करू नये, अशी त्यात अट असते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या २७ व्या कलमाने, कोणालाही कायदेशीर धंदा वा व्यवसाय करण्यास मनाई करणारा करार त्या मनाईपुरता निरर्थक ठरवला आहे. नोकरी सुटल्यानंतर दुसरीकडे काम करू नये ही अट म्हणूनच न्यायालयात टिकत नाही. नोकरीच्या काळातील बंधनाची गोष्ट वेगळी आहे. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली तीन वर्षांच्या सेवेची व त्यापूर्वी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट ग्राह्य मानली. मात्र सार्वजनिक बँकेला नवी भरती करण्यासाठी जाहिरात, परीक्षा यांचा खटाटोप व खर्च करावा लागतो, हे कारण त्यामागे होते. ज्या पेढीने मुलाला चार दिवसही शिकवले नाही, तिला हा दाखला कसा लागू पडावा? आणि गुणपत्रिका तर त्या मुलाच्या मालकीच्या. त्या अडकवून ठेवल्याने माणूस राहतो, पण त्याचे मन राहत नाही आणि मन नसलेल्या माणसाचे काम या धंद्यात सर्वांत महाग पडते.

दुसरा प्रश्न पगाराचा. सुरतेला नगावरच्या मजुरीची सवय आहे. हिऱ्याच्या कारखान्यात एका घंटीभोवती साधारणपणे चार कारागीर बसतात. प्रत्येकाने किती नग केले ते मोजता येते, हिऱ्यात किती घट आली ते तोलता येते. तेथे नगावर मजुरी देणे समजण्यासारखे आहे. वेबसाइटच्या कामात मात्र चांगले काम बहुधा दिसतच नाही. जो दोष उद्भवला नाही आणि जी चोरी झाली नाही, ती कोणत्या हिशेबात धरावी? पानामागे पैसे देऊ लागले, की पाने भराभर होतात आणि दोष पुढच्या महिन्यासाठी साचत राहतात. म्हणून येथे मासिक पगार आणि ठरावीक काळाने कामाची समोरासमोर तपासणी, हीच रीत योग्य ठरते.

काम रेंगाळले की माणसे वाढवावीत, असेही मालकाला वाटते. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या मोठ्या प्रणालीच्या कामावर देखरेख केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात याच्या उलट अनुभव मांडला. उशीर झालेल्या कामावर नवी माणसे घातली तर ते आणखी लांबते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कारण उघड आहे. नव्याला शिकवण्यासाठी जुन्याला हातातले काम सोडावे लागते. शिवाय चार माणसांत परस्पर बोलण्याच्या सहा जोड्या होतात, तर आठ माणसांत अठ्ठावीस. माणसे दुप्पट झाली, पण समजुतीचे घोटाळे होण्याच्या जागा चौपटीहून अधिक वाढल्या. तेव्हा घाई असेल तर काम कमी करावे, माणसे वाढवू नयेत.

तिसरा प्रश्न उधारीचा. सुरतेचा कापडबाजार उधारीवर चालतो आणि तीच सवय वेबसाइटच्या बिलालाही लागते. पण उधारीत तागा अडकतो, तसा पगार अडकवून चालत नाही. २०१९ च्या वेतनसंहितेची अंमलबजावणी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाली. तिच्यानुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत दिला पाहिजे आणि नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता केला पाहिजे. आता हिशेब पाहा. एप्रिलमध्ये काम केले, ३० एप्रिलला बिल दिले आणि गिऱ्हाइकाने पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे १४ जूनला पैसे दिले, तर तोपर्यंत एप्रिल व मे असे दोन पगार वाटून झालेले असतात. म्हणून दोन महिन्यांच्या पगाराची रक्कम हाताशी नसताना माणसे नेमणे, म्हणजे त्यांच्या घरखर्चावर आपला धंदा चालवणे होय.

याबाबतीत कायदा लहान पेढीच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत देणे बंधनकारक केले आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने, असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्याला आयकरात खर्च म्हणून दाखवता येणार नाहीत, असेही ठरवले आणि सुरतच्या कापडबाजारात त्याची मोठी चर्चा झाली. तरीही कोर्टकचेरीपेक्षा काम सुरू करताना तिसरा हिस्सा आगाऊ घेणे आणि निगेचे पैसे वर्षारंभी घेणे, हे दोन नियम अधिक उपयोगी पडतात.

शेवटी जागेविषयी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. ज्यांचे सारे दप्तर एकाच खोलीत होते, त्यांनी ते गमावले. गिऱ्हाइकांच्या कामाची एक प्रत दुसऱ्या शहरात असावी, हा त्यातला धडा. त्याहून कठोर धडा २४ मे २०१९ चा आहे. त्या दिवशी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या व्यापारी संकुलाला आग लागली. वरच्या मजल्यावरील शिकवणीवर्गातील मुलांची जिन्याची वाट आगीने अडवली, कित्येकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या आणि बावीस तरुण जीव गेले. वेबसाइटच्या पेढ्याही अशाच संकुलांत असतात. भाडे ठरवण्याआधी दुसरा जिना आहे की नाही, हे पाहणे मालकाचे काम आहे. हरवलेल्या दप्तराची प्रत ठेवता येते, माणसाची ठेवता येत नाही.

मोठ्या कंपनीत या सर्व गोष्टींसाठी वेगवेगळी खाती असतात. छोट्या पेढीत ती सारी एकाच माणसाच्या अंगावर पडतात. पण त्याचबरोबर तिला एक लाभही असतो. मालकाला प्रत्येकाचे नाव ठाऊक असते, घर ठाऊक असते, कोणाची बहीण लग्नाची आहे आणि कोणाचा बाप आजारी आहे, हेही ठाऊक असते. ही ओळख दाब घालण्यासाठी वापरावी की विश्वास वाढवण्यासाठी, हे त्याने ठरवायचे आहे. किल्ल्या वहीत, पगार वेळेवर आणि गुणपत्रिका ज्याची त्याच्या घरी, एवढे ज्या पेढीत पाळले जाते, तेथील माणसे संध्याकाळी जिना उतरून जातात आणि सकाळी पुन्हा चढून येतात.